नाशिकच्या भद्रकालीतल्या मशीनवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चार लोकांनी वाचावं म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. तुमच्या दुकानावर 'शिलाई मशीन दुरुस्ती' एवढंच लिहिलंय. रेकॉर्ड प्लेयर बिघडलेला माणूस तिथे येणार कशाला? मी आलो तो आईची मशीन न्यायला. बोलता बोलता अण्णांच्या बेल्टवर चालणाऱ्या प्लेयरच्या घरघरीचा विषय निघाला.

तोवर वर्षभर फिरून झालं होतं. एकाने बेल्ट बदलून दिला, दुसऱ्याने मोटरचे स्क्रू करकचून आवळले, तिसरा म्हणाला भंगारात द्या. घरघर जिथल्या तिथे. तुम्ही म्हणालात, "घेऊन तर ये. आधी ऐकू दे." प्लेयर, अ‍ॅम्प्लिफायर आणि एक स्पीकर रिक्षात घालून मी सिडकोतून आलो.

त्या दिवशी पाऊण तास तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाहीत. सुई वर उचललेली, मोटर चालू, आवाज मोठा केलेला: स्पीकर शांत. "म्हणजे विजेची गुणगुण नाही, अर्थिंग ठीक आहे." मग बेल्ट काढलात, मोटर बंद ठेवलीत आणि सुई टेकवून, तबकडी ज्यावर ठेवतात ती थाळी हाताने हळूहळू फिरवलीत. घरघर नाही. म्हणजे थाळीचा दांडा आणि त्याखालची गोळी चांगली. शेवटी बेल्ट काढलेलाच, थाळी थांबलेली, सुई तबकडीवर टेकलेली, आणि नुसती मोटर चालू केलीत. घरघर आली! तबकडी फिरत नसताना सुईला मोटर ऐकू येत होती. माझं बोट धरून तुम्ही मोटरशेजारच्या पत्र्यावर टेकवलंत. मुंगी चावावी तशी बारीक थरथर होती.

"थाळीचा दोष असता तर मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाला पावणेदोन सेकंदांनी एकदा आला असता," तुम्ही म्हणालात. मोटरवर मिनिटाला 250 फेरे छापलेले होते, म्हणजे सेकंदाला चारच्या वर. घरघरीतला तो भरभर ठेका तुम्ही टेबलावर बोटाने वाजवून दाखवलात, तेव्हा कुठे माझ्या कानाला तो सापडला.

मग उघडलंत. मोटर ज्या तीन रबरी बुशांवर टांगलेली असते, ते वाळून लाकडासारखे झाले होते. त्यात कुणीतरी स्क्रू आवळून मोटर थेट पत्र्याला भिडवलेली. रबराचं काम थरथर गिळण्याचं, तेच राहिलं नव्हतं. शिवाय मोटरचा खालचा पितळी बुश कोरडा. मशीनच्या तेलाचे दोनच थेंब घालून तुम्ही ती रात्रभर ठेवलीत. "जास्त घातलं तर पुलीवर येईल, मग बेल्ट घसरेल." दुसऱ्या दिवशी मऊ रबर घातलंत, पुली स्पिरिटने पुसलीत, बेल्ट तिच्या मधोमध बसतो का ते डोळा बारीक करून पाहिलंत. स्क्रू फक्त टेकवलेत, आवळले नाहीत.

घरी आल्यावर द. वि. पलुस्करांची एलपी लावली. 1921 साली आपल्या नाशकातच जन्मलेला हा गायक अवघ्या 34व्या वर्षी गेला. अण्णांचा त्याच्यावर फार जीव. काका, ती तबकडी मी लहानपणापासून ऐकतोय. खाली जी घरघर असायची ती या तबकडीपुरती तरी जुन्या रेकॉर्डिंगचीच, असं आम्ही धरून चाललो होतो. खर्जाच्या आसपासचाच तो आवाज, तंबोऱ्याला झाकून टाकणारा. परवा पहिल्यांदा तंबोरा मोकळा ऐकू आला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि बाजू संपेपर्यंत दारातच उभी राहिली.

तुमचे खूप खूप आभार. तेलाची कुपी माझ्याकडेच राहिलीय. रविवारी आईसोबत ती द्यायला येतो. तिला तुम्हाला भेटायचंय.

आपला,
अण्णांचा धाकटा