डागांवर घाईनं औषध घालू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार वि. वि.

नाव लिहायचं नाही या अटीवर तुम्ही या जाहीर पत्राला होकार दिलात, म्हणून इथे तुम्ही नुसत्या 'मॅडम'. फोनवर आभार मानायला गेलो तेव्हा "बरं बरं, पाणी बदललंत का?" म्हणून तुम्ही विषयच बदललात. आता लेखीच घ्या. आणि जाहीर अशासाठी, की माशाच्या अंगावर काही वेगळं दिसलं की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो अशी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत. तुम्ही मला काय काय पाहायला लावलंत, ते त्यांनीही वाचावं.

सुरुवात सिल्व्हर डॉलर नावाच्या चकाकत्या माशांपासून झाली. नव्या चार माशांपैकी तिघांच्या अंगावर काळे ठिपके होते. बारीक, गोल, कुठे पोटाकडे, कुठे शेपटीच्या परावर, एक तर डोळ्याच्या कडेला. ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. एकजण म्हणाला मेथिलीन ब्लू घाल, दुसरा म्हणाला मीठ टाक आणि तापमान वाढव, तिसऱ्याचा तांब्याच्या औषधावर भरवसा. औषधावर कुणाचंच एकमत नव्हतं, पण 'आजच्या आज घाल' यावर सगळ्यांचं होतं. एका परिचितांनी तुमचा नंबर दिला. मी फोटो पाठवून विचारलं, "यातलं कोणतं घालू?" तुमचं उत्तर आलं, "सध्या काहीच नको. ठिपके उंचवट्यासारखे आहेत की सपाट, ते आधी सांगा."

फोटोवरून ते मला सांगता येईना. फ्लॅश मारून काढलेला फोटो होता. तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत, की या माशाची चकाकी त्वचेतल्या गुआनिनच्या स्फटिकांमुळे असते. समोरून प्रकाश टाकला की ते आरशासारखे उजळतात आणि त्वचेचे चढउतार पुसले जातात. खोलीतला दिवा मालवून, टॉर्च बाजूनं तिरपा धरून पाहा म्हणालात. तसं पाहिलं आणि प्रत्येक ठिपक्याची छोटी सावली पडलेली दिसली. म्हणजे ठिपके उंच होते. याच युक्तीनं अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर दिसला तर तो वेल्व्हेट रोग असू शकतो आणि तिथे मात्र रेंगाळायचं नाही, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. सिल्व्हर डॉलरमध्ये जन्मतःच ठिपके असणाऱ्या जाती आहेत, त्यातली तर ही नाही ना? जातीचे ठिपके त्वचेच्या रंगातच असतात, त्यांना उंचवटा नसतो. टाकीत अमोनिया वाढून गेला होता का? भाजलेली त्वचा भरून येताना काळपट होते, पण ते डाग सपाट आणि पसरट असतात, त्यांना गोल कड नसते. मासे अंग घासताहेत का, कल्ले भराभर हलताहेत का, खाताहेत का? फोटो सकाळी दिवा लावल्या लावल्या काढला का? रात्री पुष्कळ माशांचा रंग उतरतो, काहींवर तर दिवसा नसलेले पट्टे उमटतात, आणि दिवा लागल्यावर पूर्ववत व्हायला थोडा वेळ जातो. त्या घाईच्या फोटोंवरून किती माशांना 'आजारी' ठरवलं गेलं असेल कोण जाणे.

एका माशाच्या गुदपराची, म्हणजे पोटाखालच्या मागच्या पराची, कड लाल दिसत होती. तिथे रक्त साकळलंय का, असं मी काळजीनं विचारलं होतं. त्यावर तुमचं उत्तर तीन शब्दांचं होतं: "तो नर आहे."

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात विचित्र वाटला होता. मासे टाकीत वाढवलेले की उघड्या तळ्यात? चौकशी केली तर तळ्यातले निघाले. तेव्हा तुम्ही निदान सांगितलंत, आणि मी ते ऐकतच राहिलो.

हे ठिपके म्हणजे एका चपट्या कृमीच्या अळ्या. पूर्ण वाढलेला कृमी राहतो मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात. याच्या काही प्रकारांना बगळा लागतो, काहींना खंड्या. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे तिची संख्या वाढते, मग दुभंगलेल्या शेपटीच्या नव्या अळ्या बाहेर पडून माशाची त्वचा भेदतात. आत शिरताना शेपटी गळते, अळी स्वतःभोवती कोश करून बसते आणि वाट पाहते, की हा मासा कधी एखाद्या पक्ष्याच्या पोटात जाईल. जो काळा रंग आपल्याला दिसतो तो कृमीचा नसतोच. कोशाभोवती माशाचं शरीर स्वतःचं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, आणून रचतं, त्याचा तो रंग. मी ज्याला रोगाची खूण समजत होतो, ती माशानं पाहुण्याभोवती घातलेली भिंत होती.

आणि त्यातूनच औषधाचा प्रश्न आपोआप निकाली निघाला. टाकीवर बगळा उतरत नाही. साखळी तिथेच तुटलेली. कोशातली अळी एका माशातून दुसऱ्या माशात जाऊ शकत नाही, त्यामुळे ज्या चौथ्याच्या अंगावर काही नव्हतं त्याच्या अंगावर पुढेही काही येणार नव्हतं. माझ्या टाकीतल्या गोगलगायी फेकून द्या असं मला बजावण्यात आलं होतं. तुम्ही म्हणालात, पक्ष्याकडून अंडी आल्याशिवाय त्या बिचाऱ्या काय करणार, राहू द्या त्यांना. तांब्याचं औषध घातलं असतं तर गोगलगायी मेल्या असत्या, कोश तसेच राहिले असते. कृमींवर प्राझिक्वांटेल चालतं, पण अळी मेली तरी काळा डाग लगेच जात नाही, आणि मोजके ठिपके असलेल्या धडधाकट माशाला त्याची गरज नाही. अगदी लहान पिल्लांच्या अंगावर असे ठिपके दाटीनं असते तर मी वेगळं बोलले असते, हेही तुम्ही जोडलंत. तुमची ही सवय मला फार आवडली. निदान सांगताना ते कुठे लागू पडणार नाही तेही तुम्ही सांगता.

गोल्डफिशच्या वेळी मी थोडा शहाणा झालो होतो, म्हणजे टॉर्च बाजूनं धरून, चांगला फोटो काढून मग विचारलं. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. आता हा तर इक, ज्याला सगळे पांढरे ठिपके म्हणतात तो, अशी माझी खात्री होती. तुम्ही म्हणालात, कागदावर माशाची बाह्यरेषा काढा आणि रोज ठिपक्यांच्या जागा मांडा. इकचा परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली बसून वाढतो, पिकला की गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत पोहतात. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर हा फेरा आठवड्याभरात पुरा होतो, थंड पाण्यात महिन्याहून जास्त लागू शकतो. म्हणून इकचे ठिपके जागा बदलतात. आजचे जातात, उद्या दुसरीकडे नवे येतात. औषधाचा मारा लागतो तो फक्त परजीवीच्या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना, त्वचेखाली बसलेल्याला नाही. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारे म्हणूनच फसतात.

माझ्या नकाशावर ठिपके हलेचनात. होते तेही फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर, ओळीनं. विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराला असे केराटिनचे दाणे येतात. आजार नव्हताच. तुम्ही अभिनंदन केलंत, तेवढंच.

ही दोन्ही प्रकरणं आनंदाची. तिसरं तसं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आभाराचं मोठं कारण तेच आहे.

मॉली जातीच्या एका माशाच्या पाठीवर, वरच्या परापाशी, राखाडी-पांढरट पट्टा आला. तोंडाभोवतीही तसंच काहीतरी. तुम्ही फोटो पाहिला, व्हिडिओ मागवला, आणि म्हणालात, "हे मला फोटोवरून कळत नाही." मला त्या वाक्याचं तेव्हा बरं वाटलं नव्हतं. आज वाटतं, तोपर्यंत मला भेटलेल्यांपैकी हे वाक्य बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकी कुणाला फोटो दाखवा, उत्तर तयार असतं. कित्येक बाटल्यांच्या लेबलावरही एकाच औषधानं बरे होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी असते, तीही अशीच खात्रीनं छापलेली.

सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड तुमच्याकडूनच आल्या. व्हिडिओ कॉलवर तुम्ही हात धरून शिकवावं तसं शिकवलंत. मासा ओल्या हातानं धरायचा, पट्ट्याच्या कडेवर काचेची पातळ झाकणी डोक्याकडून शेपटीकडे हलकेच ओढायची, उलट नाही, नाहीतर खवले उचकटतात. काचेवर थेंब टाकायचा तो टाकीतल्याच पाण्याचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं जे पाहायचं तेच मरतं. आणि लगेच पाहायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. (ते तुम्ही मला ओळखून म्हणालात.)

इक असता तर मोठा, गोल, संथ फिरणारा जीव दिसला असता आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. बुरशी असती तर फांद्या फुटलेले जाड धागे. दिसलं यातलं काहीच नाही. 400 पट मोठं केल्यावर लांब, बारीक काड्यांसारखे जिवाणू दिसले, सरपटत, वाकत. त्वचेच्या तुकड्याच्या कडेला ते एकावर एक जमून त्यांचे खांब उभे राहत होते. तुम्ही स्क्रीनवर ते पाहिलंत आणि नाव घेतलंत: कॉलम्नॅरिस. दिसायला बुरशीसारखा, पण जिवाणू.

इथे नाव चुकण्याची किंमत किती असते ते मला कळलं. इक समजून लोक तापमान वाढवतात, परजीवीचा फेरा लवकर पुरा होऊन औषधाच्या तावडीत यावा म्हणून. कॉलम्नॅरिसला मात्र गरम पाणी मानवतं, त्यात तो झपाट्यानं पसरतो. म्हणजे एका पांढऱ्या डागासाठी जो उपाय, तोच दुसऱ्या पांढऱ्या डागात मारक. बुरशीचं औषध घातलं असतं तर हाताशी असलेले एक-दोन दिवस वाया गेले असते, आणि त्या रोगात कधीकधी तेवढेच दिवस असतात.

तुम्ही प्रतिजैविक दिलंत, तेही वेगळ्या टाकीत द्यायला सांगून, म्हणजे फिल्टरमधले कामाचे जिवाणू मरू नयेत. जिच्या अंगावर पट्टा होता ती मॉली वाचणं अवघड आहे हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत आणि ती गेली. उरलेल्या वाचल्या. खोटा धीर दिला असतात तर कदाचित मी तुमच्यावर चिडलो असतो. तुम्ही तो दिला नाहीत, म्हणून ते दोन दिवस मी उरलेल्या माशांचं पाणी तपासण्यात घालवू शकलो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, गर्दी मात्र जास्त. ती गर्दी आता कमी केली आहे, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो.

तुम्ही कधी फी घेतली नाहीत. सूक्ष्मदर्शकाचं भाडं विचारलं तर "नवीन काही दिसलं तर मला दाखवा, तेच भाडं" म्हणालात. त्या हप्त्यात हे कळवतो, की सिल्व्हर डॉलरच्या अंगावरचे ठिपके अजून आहेत, त्यांच्या जागा मी तपासल्या, एकही हललेला नाही. चौथा अजून कोरा आहे. गोगलगायींची संख्या तेवढी वाढली आहे, त्यावर तुमच्याकडे काही उपाय असला तर तो मात्र हवा आहे.

सूक्ष्मदर्शक आणि स्लाइडचा डबा सोबत परत पाठवत आहे. एक झाकणी तडकली होती, तिच्या जागी नवी ठेवली आहे. मॉलीचे काढलेले फोटोही पाकिटात आहेत. ते तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला चालतील, असं तुम्ही म्हणाला होतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टॉर्च तिरपा धरायला शिकलेला एक मासेवाला