अक्का, तुम्ही माऊसला हात लावला नाही

अक्का, नमस्कार.

काल रात्री प्लॉटर, म्हणजे रेडियम कापायचं मशीन, चालू ठेवून मी बाहेर चहाला गेलो. तुम्हाला ह्यात काय विशेष वाटणार नाही, पण आमच्या दुकानात हे पहिल्यांदाच झालं. प्लॉटर सुरू झाला की मी त्याच्यापुढं उभाच, बोट बटणावर, ब्लेड भलतीकडं फिरलं की लगेच थांबवायला. सहा वर्षं असाच उभा राहिलोय. काल कटिंग लावलं आणि सरळ स्टँडवर गेलो, अर्धा चहा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की अरे आपण बाहेर आलोय, आणि तिथंच तुमची आठवण आली. म्हणून लिहायला बसलोय. तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "राहू दे रे" म्हणून विषय बदलला असता.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. खानापुरात माझं फ्लेक्स आणि रेडियमचं छोटं दुकान आहे. मोठी मशीन नाही आपल्याकडं, डिझाईन इथं करायचं आणि प्रिंट बेळगावातून मारून आणायची, कटिंग प्लॉटर तेवढा घरचा. जत्रा, कुस्त्या, गणपती, शिवजयंती, बारसं, लग्न, टेम्पोच्या मागचं रेडियम, दुकानाचे बोर्ड, सगळं करतो. 2024 ला आमच्या कर्नाटकात बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे आणि कन्नड वरच्या बाजूला पाहिजे हे कायद्यात आलं तेव्हापासून तर जुने बोर्ड बदलायला लोकांची रांगच लागली. त्या नियमावर मी इथं वाद घालत नाही, तो चहाच्या टपरीवर रोज होतोय. मला काम आलं एवढंच. पण काम आलं तसा जीवही जायला लागला, कारण मला कोरल, म्हणजे डिझाईनचं सॉफ्टवेअर, येतंय म्हणजे काय येतंय, तर जुनी फाईल उघडायची, नाव खोडायचं, नवीन टाकायचं. खोडायचं पण नाही खरं म्हणजे, त्याच्यावर पांढरा चौकोन ठेवायचा आणि वर नवीन नाव लिहायचं. फ्लेक्सला हे चालून जातंय, प्रिंटमध्ये खालचं दिसत नाही. ब्लेडला मात्र रंग दिसत नाही, त्याला नुसत्या रेषा दिसतात.

एक टेम्पोवाला, गोव्याला भाजी नेणारा. काचेवर मुलीचं नाव पाहिजे होतं. मी आदल्याच गिऱ्हाइकाच्या फाईलवर चौकोन ठेवून हिचं नाव टाकलं आणि दिलं प्लॉटरला. ब्लेडनं तिचं नाव कापलं, चौकोन कापला, आणि चौकोनाच्या खाली झोपलेलं जुनं नाव पण कापलं, एकात एक. रेडियम सोलायला घेतलं तर अक्षरांचा भुगा. पहाटे तीनला त्याची गाडी सुटायची होती आणि तो दारात उभा राहून बघतोय. काही बोलला नाही बिचारा, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही हो. शहरातल्या एका क्लासला तीन महिन्यांची फी भरली, आठवड्याला दोन दिवस बसनं जाऊन. तिथं आम्हाला सफरचंद काढायला शिकवलं आणि मग त्या सफरचंदाला सावली. मी विचारलं सर, एकाच बोर्डाचे तीस बोर्ड करायचे झाले तर कसं, तर सर माझ्या खांद्यावरून वाकले, माझ्या हातातला माऊस काढून घेतला, फटाफट पाच-सहा ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाले "असं. सोपं आहे." मला काय दिसलं? त्यांचं मनगट दिसलं.

मग एकानं पेन ड्राईव्ह विकला, हजारो तयार डिझाईन म्हणून. उघडून बघतो तर सगळ्या मजकुराचे कर्व्ह केलेले, म्हणजे अक्षरांची चित्रं झालेली, बदलायची सोयच नाही, आणि सगळं एकाच गठ्ठ्यात ग्रुप केलेलं. कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो त्यात तसेच हसत होते. आणि माझ्याकडं जो ऑपरेटर होता तो सोडून गेला तेव्हा मागं ठेवून काय गेला, तर "फायनल", "फायनल 2", "फायनल नवीन", "खरं फायनल". ह्याला पण मी कधीतरी विचारलं होतं. त्यानं पण माऊसच काढून घेतला होता.

अक्का, तुम्ही आलात ते तुमच्या भाच्याच्या बोर्डासाठी. दहा बाय चार, किराणा दुकान. गणपतीच्या आधीचा आठवडा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मंडळाची पोरं उभी, मी घामाघूम. बाजूच्या टेलरनं आत डोकावून "काय करूलालास रे, जेवलास तरी काय?" म्हणून विचारलं ते मला आठवतंय, कारण मी त्याच्यावर खेकसलो होतो. तुम्ही बसून राहिलात. तासभर. मला वाटलं म्हातारी बाई आहे, दमली असेल. तुमच्या पुढ्यात मी तोच चौकोनाचा धंदा करत होतो, आणि कंट्रोल ए दाबून सगळं हलवलं, खालची बॅकग्राऊंड पण सरकली, मग ती जागेवर नेताना फोटो हलला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळं एकाच पत्र्यावर लिहितोस काय रे बाळा?"

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग कळलं की तुम्ही बैलहोंगलकडच्या, लग्न करून बेळगावात आलात आणि अठ्ठावीस वर्षं तिथल्या एका प्रेसमध्ये काढली, आधी स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलावर, नंतर कंप्युटरवर लग्नपत्रिका. आणि मग तुम्ही स्टूल ओढून माझ्या बाजूला बसलात.

आता मला जे सांगायचंय ते हे. तुम्ही माऊस मागितला नाहीत. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरलात, चहा संपला तरी तो रिकामा ग्लास तसाच धरून बसलात. मी चुकत होतो. सारखा चुकत होतो. एकदा मी लॉक करायचं सोडून डिलीटच दाबलं, सगळा लेयर गेला, तेव्हा तुमचा उजवा हात ग्लासावरून उठला, माऊसच्या दिशेनं वीतभर आला आणि परत ग्लासावर गेला. मी ते बघितलं अक्का. तुम्हाला वाटलं असेल माझं लक्ष स्क्रीनवर आहे. तुम्ही नुसतं "अवसर माडबेडा" म्हणालात. मी गोंधळलो, आपल्याकडं अवसर म्हणजे संधी, तर तुम्ही हसून सांगितलंत की आमच्याकडं अवसर म्हणजे घाई, घाई करू नको. कंट्रोल झेड माझं मीच दाबलं.

फाईलमधले सगळे लेयर दाखवणारी ती ऑब्जेक्ट मॅनेजरची खिडकी मी इतकी वर्षं फुली मारून बंद करत होतो, स्क्रीनवरची जागा खाते म्हणून! तुम्ही म्हणालात ती उघडी ठेव, तेच तुझं कपाट. आणि लेयर म्हणजे काय हे तुम्ही कंप्युटरकडं न बघताच सांगितलंत. पत्रिकेला तीन रंग असले तर तीन स्क्रीन, तीन ट्रेसिंग, लाल रंगाच्या स्क्रीनवर सोनेरी काही येता कामा नये, तसंच हे. मग माझ्या धंद्यातलं विचारलंत, बोर्ड लावताना आधी काय लावतोस? म्हटलं फ्रेम, मग पत्रा, मग अक्षरं. "मग फाईल वेगळी कशाला?" एवढंच. क्लासच्या सरांनी हे एक वाक्य बोललं असतं तर माझी बसची तिकिटं वाचली असती.

नावं पण तुम्ही मला मराठीत द्यायला लावलीत, लेयर वन लेयर टू नको म्हणालात. माझ्या फाईलमध्ये आता सगळ्यात खाली "पत्रा", त्याच्यावर "फोटो", मग "मराठी", "कन्नड", आणि सगळ्यात वर "खिळे". खिळ्यांच्या लेयरवर रिंगा कुठं येणार, फ्रेमला दुमडायची पट्टी किती सोडायची, आणि वरून 28.8 इंचावर एक आडवी रेघ, चार फुटाच्या बोर्डाचे 60 टक्के. त्या लेयरचं प्रिंटरचं चित्र बंद केलंय, म्हणून मला ते दिसतंय पण छापून येत नाही. पत्र्याला कुलूप. त्याच्या नावापुढं मी चेष्टेनं कंसात "ह्याला हात लावू नको" लिहिलं तर तुम्ही म्हणालात राहू दे, चांगलं आहे.

कन्नडाचं तर विचारूच नका. माझं वाचन बसच्या पाटीपुरतं, फोनवरनं आलेलं कन्नड कोरलमध्ये चिकटवलं की ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराच्या खाली लागणारी जोडाक्षरं, सुटी होऊन भलतीकडं बसायची, आणि नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलं तर बेळगावातल्या प्रेसमध्ये फॉन्ट नसला की नुसता कचरा. तुम्ही मूळ मजकूर एका बंद लेयरवर ठेवायला सांगितलात आणि त्याची कर्व्ह केलेली कॉपी छापायच्या लेयरवर. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी फोन नंबर बदलून आलं तर मूळ मजकूर शाबूत. भाच्याच्या बोर्डातलं एक दीर्घ पण तुम्हीच पकडलंत, ते तसंच गेलं असतं तर दुकानाचा अर्थच बदलला असता, आणि तो अर्थ काय झाला असता हे तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही.

मग ते टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं. उघडलं की नवीन बिननावाची फाईल येते, जुनीवर चुकून सेव्ह होत नाही. म्हणजे "खरं फायनल"चा प्रकारच संपला. आठ बाय तीन, दहा बाय चार, बारा बाय चार, तीन मापं करून ठेवलीत.

ह्या वर्षी जत्रेचं काम आलं, बावीस देणगीदारांचे बावीस बॅनर, वर देवीचा फोटो, कार्यक्रम आणि तारीख सारखी, खाली नाव आणि फोटो वेगळा. मागच्या वर्षी कमिटीनं शेवटच्या दिवशी तारीख बदलली होती आणि मी एकवीस बॅनरवर बदलली, एक राहिला, नेमका तोच कमानीला लागला. ह्या वेळी सगळं सारखं ते मास्टर लेयरवर, म्हणजे एकदा टाकलं की सगळ्या पानांवर दिसणाऱ्या लेयरवर, टाकलं होतं आणि बावीस पानं. कमिटीनं परत तारीख बदललीच, ते काय सुधारत नाहीत. अध्यक्ष तोंड पाडून आले, आता रात्रभर बसावं लागणार म्हणून माझ्यासाठी वडापाव घेऊन. मी एका ठिकाणी तारीख बदलली, बावीस पानं फिरवून दाखवली, आणि वडापाव खाल्ला. त्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं मी आधीच दोन्ही तारखा करून ठेवल्या होत्या.

कधी कधी वाटतं, शिकलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत, पण समोरचा चुकत असताना गप्प बसणारं माणूस मिळत नाही. आमच्या गल्लीत एक लाईनमन आहेत, फ्यूज उडाला की ते बॅटरी धरतात आणि तार आपल्याकडून बांधून घेतात. माझी आई भाकरी थापायला शिकवताना स्वतःचे हात पाठीमागं बांधून उभी राहायची म्हणे, मोठी बहीण सांगते. अशी चार-दोन माणसं. बाकी सगळे "सरक बाजूला".

आणि माझं पण सांगतो. गेल्या महिन्यात एक पोरगा कामाला आलाय, बारावी झालेला, हुशार आहे पण घाबरट. परवा तो बारसाच्या बॅनरवर फोटो बसवत होता आणि चुकीच्या लेयरवर टाकत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझा हात गेला अक्का. त्याच्या हातावर जाऊन पडलाच. मग मला तो तुमचा रिकामा ग्लास आठवला. आता त्याच्या बाजूला बसलो की मी टेप हातात घेऊन बसतो, इंच-फुटाची, ओढत आणि सोडत. त्याला त्या आवाजाचा त्रास होत असणार, पण माऊसपेक्षा बरं.

त्या दिवशी तुम्ही शेवटची बस पकडायला गेलात तेव्हा साडेआठ झाले होते आणि बोर्डाचे पैसे पूर्ण देऊन गेलात, शंभर कमी करतो म्हटलं तर ऐकलं नाहीत. नंतर हिशेब बघितला तर गडबडीत मी रिंगांचे पैसे दोनदा लावलेत. 60 रुपये तुमचे माझ्याकडं आहेत, गल्ल्यात वेगळ्या कप्प्यात ठेवलेत. भाच्याकडं देणार नाही. तुम्हीच या.