चेनसॉपुढे साधे सेफ्टी शूज टिकत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झाडे तोडताना घ्यायच्या काळजीवरचा आपला लेख आम्ही कामावरच, चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला. हेल्मेट, दोर, कमरेचा पट्टा, सगळे नीट आले आहे. पायांची बोळवण मात्र ‘सेफ्टी शूज घालावेत’ एवढ्यावर झाली. मी अठरा वर्षे झाडावर चढून फांद्या उतरवतो. ते एक वाक्य वाचून कोणी साधे सेफ्टी शूज घालून चेनसॉ, म्हणजे साखळीची यंत्रकरवत, चालवेल, ही भीती वाटली म्हणून लिहितो आहे.

सेफ्टी शूजमधली बोटांवरची कडक वाटी वरून पडणाऱ्या वजनासाठी असते. २०० जूलचा आघात ती सोसते, पण राखते फक्त बोटे. वाटी संपली की नाड्यांपासून घोट्यापर्यंत नुसते चामडे, आणि चालू साखळीला चामडे कापायला वेळ लागत नाही. चेनसॉच्या बुटात समोरच्या भागात आणि नाड्यांखालच्या जिभेत चिवट धाग्यांचे थर असतात. खरेदी करताना बुटावर ढालीतले करवतीचे चित्र, आयएसओ १७२४९ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक आणि वर्ग बघावा. वर्ग १ ची चाचणी साखळीच्या सेकंदाला २० मीटर वेगावर होते, वर्ग २ ची २४ वर, वर्ग ३ ची २८ वर. आपल्या मशीनची साखळी याहून जोरात पळत असेल तर तेवढा भरवसा धरू नये. टाचेच्या बाजूने तर भरवसा नाहीच.

गेल्या हंगामात खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करताना माझ्या साथीदाराच्या हातून मशीन उसळून पायावर आले. बुटाच्या जिभेवर बोटभर चीर पडली होती आणि तिच्यातून पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे लोंबत होते. आत मोजा शाबूत. तो म्हणाला, चिकटवून घेऊ. मी दोन्ही बूट तिथेच कापून टाकले, कारण एकदा धागे ओढले गेले की त्या जागी पुन्हा आधार उरत नाही आणि चिकटवलेला बूट उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी पायात गेला असता.

म्हणून वरचा वर्ग आधी जमिनीवर काम करणाऱ्याला द्यावा असे माझे मत आहे. त्याची करवत दिवसभर पायाजवळच चालते.

चढणाऱ्याची गरज वेगळी. खोडात रुतणारे लोखंडी काटे बुटाला बांधून चढताना सगळे वजन तळव्याच्या मधल्या कमानीवर येते. तिथे सोल मऊ असेल तर तासाभरात तळवा ठणकायला लागतो, आणि टाचेला खाच नसेल तर काट्याची पट्टी सरकते. जिवंत झाडाच्या छाटणीत काटे वापरूच नयेत, खोडाला जखमा होतात. तिथे दोरावरून चढायचे असते, त्यामुळे घोटा वळायला हवा आणि बूट हलका हवा. नाड्यांचे उघडे हूक दोरात अडकतात, तेही बघून घ्यावे.

बूट घालून बघायचे ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि कामाचे जाड मोजे घालून. उतारावर उभे राहिल्यावर बोटे वाटीला टेकली तर माप मोठे घ्यावे. भिजलेले बूट शेकोटीजवळ वाळवू नयेत, चामडे तडकते.

लेख पुन्हा छापाल तेव्हा ‘सेफ्टी शूज’च्या जागी ‘चेनसॉसाठीचे बूट’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक झाडछाटणी कामगार