लढाई संपल्यावर काय उरतं

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज बसमध्ये वाचला आणि दोन ओळीत उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं, कारण हे नीट बसून लिहायचं होतं. तू म्हणतोस बंगळुरूच्या ग्रुपचे बॅटलटेकचे, म्हणजे मेक नावाच्या महाकाय लढाऊ यंत्रांच्या मिनिएचर टेबलावर हलवून खेळायच्या आपल्या त्या गेमचे, सहा डाव झाले, दर वेळी शेवटचा मेक पडेपर्यंत हाणामारी, मग आवरायचं आणि घरी, आता सगळे कंटाळलेत आणि नवीन मिनिएचर मागवू का विचारतोयस. नको मागवूस. आहेत ती भरपूर आहेत. ते पैसे कॅम्पेनच्या, म्हणजे एका गेमचं नुकसान पुढच्या गेममध्ये तसंच राहतं अशा सलग खेळाच्या, पुस्तकात घाल.

बघ ना, सुटा गेम असला की कोणीही हात राखून खेळत नाही. वीस टनाचा लोकस्ट शंभर टनाच्या ॲटलससमोर नेऊन उभा करायला काही वाटत नाही, कारण पुढच्या रविवारी तोच लोकस्ट डब्यातून धडधाकट बाहेर येणार. कॅम्पेनमध्ये तो येत नाही. त्याचा पाय गेला तर पाय आणावा लागतो, पायाला पैसे लागतात, पैसे आपल्या भाडोत्री तुकडीला मिळालेल्या कंत्राटातून येतात, आणि कंत्राट पूर्ण करायला तोच लोकस्ट लागतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की लोक आपणहून माघार घ्यायला शिकतात, आणि माझ्या मते बॅटलटेकची खरी मजा तिथून सुरू होते.

आमच्याकडे नाशकात काय झालं ते सांगतो. दुसऱ्या मिशनला आमच्या हंचबॅक मेकला उजव्या बाजूला मार बसला. मेकच्या नोंदीच्या शीटवर तिथे समोरून चिलखताचे २० गोळे असतात, ते संपले की आतल्या सांगाड्याचे १२. मी पेन्सिलने एकेक काळा करत होतो आणि टेबलावर कोणी बोलत नव्हतं. बारावा भरला आणि उजवा टॉर्सो, म्हणजे धडाची ती बाजू, गेला, त्यातली ऑटोकॅनन-२० गेली आणि त्याच्याबरोबर अख्खा उजवा हातपण गेला. १४ टनाची तोफ रे, तो मेक बांधलाय तोच तिच्याभोवती. गेम जिंकलो होतो आम्ही, तरी सगळ्यांचे चेहरे पडलेले. नंतर दोनदा पार्ट मिळतोय का त्याचे फासे टाकले, दोन्ही वेळा नाही. मग पुढची दोन मिशनं तो बिचारा डाव्या हातातला मीडियम लेझर आणि डोक्यातला स्मॉल लेझर घेऊन खेळला, आणि तो चालवणारा पोरगा एवढा जपून खेळला की काय सांगू, नकाशावरच्या प्रत्येक हेक्सला, म्हणजे षटकोनी घराला, झाडाची आड शोधायचा. ती दोन मिशनं आजही आम्ही आठवतो, जिंकलेली मोठी लढाई कोणाला आठवतपण नाही.

आता पुस्तकं. फासा कंपनीचं १९८७ चं मर्सिनरीज हँडबुक पीडीएफमध्ये मिळालं तर आधी ते वाच, नियम जुने झालेत पण भाडोत्री तुकडी म्हणजे काय हे त्याच्यात नीट कळतं. कंत्राटात हुकूम कोणाचा चालणार, प्रवासखर्च कोणाचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रणांगणावर पडलेल्या भंगारावर हक्क कोणाचा आणि किती टक्के. आमच्या ग्रुपने पहिल्या कंत्राटाच्या घासाघिशीत पूर्ण एक तास घालवला, एकही मिनिएचर न हलवता, आणि कोणालाही तो तास वाया गेला असं वाटलं नाही.

नवं हवं असेल तर कॅटलिस्ट कंपनीचं कॅम्पेन ऑपरेशन्स हे पुस्तक आहे, त्यात तुकडी उभारण्यापासून दुरुस्ती, पगार, सगळं आहे. पण पहिल्याच दिवशी सगळे नियम लावू नकोस, प्लीज. आमचं पहिलं कॅम्पेन चौथ्या बैठकीत बंद पडलं ते ह्याच्यामुळेच, हिशोबाची वही एकाच माणसाकडे, आणि त्याला दर गेमनंतर तीन तास आकडेमोड. केऑस कॅम्पेनची पद्धत घे त्यापेक्षा. त्यात एकच आकडा सांभाळायचा, वॉरचेस्ट पॉइंट. मिशनला उतरायला काही पॉइंट मोजायचे, उद्दिष्टं साधली की परत मिळतात, उरले त्यातून दुरुस्ती. एवढ्यावरसुद्धा तेच चक्र फिरतं.

आणि त्या जगात राज्य करणाऱ्या घराण्यांची पुस्तकं, म्हणजे स्टायनर, कुरिता, डेव्हियन, मारिक, लियाओ, १९८७-८८ च्या सुमाराची, ती मात्र सोडू नकोस. नियम फारसे नाहीत म्हणून लोक घेत नाहीत, मला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. कारखाने युद्धात बेचिराख झालेत, नवीन मेक बनणं दुर्मिळ, म्हणून मेक घराण्यात वतनासारखा आजोबाकडून नातवाकडे येतो आणि ज्याचा मेक गेला त्याची सगळी पतच गेली, हे त्या जगाचं मूळ आहे. ते खेळणाऱ्यांना एकदा कळलं की भंगाराच्या टक्क्यांवरून ते का भांडतायत हे वेगळं समजवावं लागत नाही. सुरुवात कुठून करायची विचारशील तर गेमच्या कथेतलं ३०२८ साल, हॅन्स डेव्हियन आणि मेलिसा स्टायनरचं लग्न आणि तिथेच लियाओंच्या कॅपेलन कॉन्फेडरेशनवर जाहीर झालेलं युद्ध. तुझी तुकडी त्या वेळी गॅलेटिया ग्रहावर कंत्राट शोधत बसलेली असू दे. आणि नकाशावर एकच ग्रह घे, एकच. जंपशिप, म्हणजे ताऱ्यांमधून नेणारं जहाज, एका उडीत जास्तीत जास्त ३० प्रकाशवर्षं जाते आणि मग पाल उघडून साधारण आठवडाभर चार्ज होत बसते, म्हणजे मदत मागितली तरी ती येईपर्यंत आहे त्यात भागवायचं, त्यातून आपोआप गोष्ट तयार होते.

अजून एक, हे बॅटलटेकचं नाही. इंग्लंडमधल्या टोनी बाथने १९७३ साली वॉरगेम कॅम्पेनवर पुस्तक लिहिलं, त्यात तो सरदारांचे स्वभाव पत्ते काढून ठरवायचा. मी शत्रूच्या कमांडरसाठी तसंच करतो, गेमच्या आदल्या रात्री तीन पत्ते काढायचे आणि त्यावरून माणूस ठरवायचा. मागच्या वेळी इतका सावध गडी निघाला की आम्ही पूल सोडला तरी तो पुढे आलाच नाही, आणि आम्ही अख्खा गेम तो का येत नाहीये ह्याच भीतीत काढला.

माझी वही स्कॅन करून पाठवतोय, हंचबॅकचं ते शीटपण आहे त्यात, गोळे काळे केलेलं. तू पहिलं कंत्राट केलंस की कागदाचा फोटो पाठव, आणि भंगाराचे किती टक्के पदरात पडले ते आधी लिही.

तुझा,
पक्या