विषय: आयडीई-सॅटा कन्व्हर्टरच्या खोक्यावरचा दावा खोटा

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला. हा चौथा. आता लेखी देतो.

तुमच्या कन्व्हर्टर पट्टीच्या खोक्यावर छापलंय, 'दोन्ही दिशांनी चालतो'. म्हणजे सॅटा, या नव्या जोडणीची डिस्क आयडीई, या जुन्या जोडणीच्या मदरबोर्डाला, आणि आयडीई डिस्क सॅटा बोर्डालाही. चित्रात पट्टीच्या कडेला दिशा बदलायचं बटण आहे. माझ्या पट्टीवर त्या जागी बटण नाही, नुसते डाखाचे तीन ठिपके आहेत. म्हणजे ती एकाच दिशेने चालते, आणि मला हवी त्याच्या उलट.

आमच्या प्रेसमधला जुना संगणक गेला. त्यातली 80 जीबीची आयडीई डिस्क नव्या बोर्डाला लावायची आहे. इंटेलने 2006 सालीच बोर्डावरच्या मुख्य चिपमधून (चिपसेटमधून) आयडीई काढलं, म्हणून तर लोक तुमची पट्टी विकत घेतात!

आजचं बोलणं जसंच्या तसं देतो.

"सर, जम्पर स्लेव्हवर असेल."
"मास्टरवर आहे. डिस्कमागच्या पिनांवरची ती छोटी टोपी चिमट्याने मीच बदलली."
"पॉवर दिलीय?"
"चार पिनांची केबल लावलीय. डिस्क फिरतेय, आवाज येतोय. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, मात्र काहीच दिसत नाही."
"मग बटण दुसऱ्या बाजूला करा."
"बटणच नाही! फोटो दोनदा पाठवलाय."

सात मिनिटं होल्डवर. मग म्हणतो, "डिस्क फॉरमॅट करून बघा."

जी डिस्क बायोसलाच दिसत नाही, ती फॉरमॅट कशी करायची? त्या डिस्कवर माझ्या वडिलांनी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं पुस्तक आहे, तीनशे पानं. दुसरी प्रत नाही. वडील आता नाहीत. "सगळं पुसलं जाईल," म्हटलं, तर तो म्हणाला, "जुनाच डेटा आहे ना, सर?"

हे वाक्य मी विसरणार नाही. फॉरमॅट करा म्हणे! डेटा वाचवायची वस्तू विकता आणि डेटा पुसायला सांगता?

तुमच्याच कंपनीची रिबन केबल आमच्याकडे बारा वर्षं चालली. त्या विश्वासावर दुकानदाराला नाव सांगून हीच पट्टी मागितली होती.

आठ दिवसांत बटण असलेली पट्टी पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. नाही जमलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, तिथून थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. खोक्यावरचं चित्रही बदला, दुसरा कोणी फसायला नको.

पट्टीचा आणि खोक्याचा फोटो तिसऱ्यांदा जोडला आहे.