शिबिराचा सिनेमा, पण मुलांसाठी नव्हे

संपादक महोदय,

उन्हाळी शिबिर दिसलं म्हणून ‘वेट हॉट अमेरिकन समर’ (२००१) मुलांसोबत लावू नये. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे. १७ वर्षांखालील प्रेक्षकाला पालकांसोबतच प्रवेश. पण चावट म्हणून तो टाकाऊ ठरवणं अन्यायाचं. कथा १९८१च्या ऑगस्टमधल्या एकाच दिवसाची. चित्रीकरण मात्र पेनसिल्व्हेनियातल्या खऱ्या शिबिरात, मुलं येण्याआधी, भर पावसात झालं. बाहेरचे कित्येक प्रसंग आत हलवावे लागले. थंडीमुळे बोलताना तोंडातून वाफ दिसते. एका दिवसाच्या कथेत ऊन-ढगांचा मेळ चुकला की संकलकाचे हात बांधले जातात. तरीही दिग्दर्शक डेव्हिड वेन यांनी विनोदाची लय तुटू दिलेली नाही! चित्रपट सुचवताना वयोगट नावाशेजारीच छापावा, ही विनंती.

– एक चित्रपटप्रेमी, पुणे