संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : सोनार आणि हेलिकॉप्टरशिवाय जहाजं कमिशन करू नका

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी नौदलातून निवृत्त झालेला सोनार ऑपरेटर आहे. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून किंवा पाण्यातले आवाज ऐकून पाणबुडी शोधणारं यंत्र. नोकरीची बरीच वर्षं कानाला हेडफोन लावून पाण्याखालचे आवाज ऐकण्यात गेली. त्या अनुभवाच्या जोरावर आपल्याकडे एकच मागणी करतो. पाणबुडीविरोधी जहाजाच्या आराखड्यात जे सोनार आणि जे हेलिकॉप्टर धरलेलं असतं, ते हाती आल्याशिवाय ते जहाज नौदलात दाखल करू नये.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी ही आपली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बुडाली. पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीचा माग काढायला खुकरी आणि तिच्यासोबतची फ्रिगेट कृपाण मुंबईहून निघाल्या होत्या, पण आधी चाहूल लागली ती हंगोरला. फ्रेंच बनावटीच्या त्या पाणबुडीचा सोनार आपल्या फ्रिगेटींवरच्या जुन्या ब्रिटिश सोनारपेक्षा लांबचं ऐकत होता. आपला पल्ला वाढावा म्हणून खुकरीवर एका नव्या उपकरणाची चाचणी चालू होती, आणि तिच्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता. युद्ध चालू असताना, शत्रूच्या पाणबुडीच्या टप्प्यात! कृपाणवर सोडलेला पहिला टॉर्पेडो वाया गेला, दुसऱ्याने खुकरीचा घास घेतला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, दीवला स्मारकही झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण युद्धाच्या आधी जो सोनार मिळायला हवा होता, तो त्या पोरांना मिळाला नव्हता.

अरबी समुद्रात पाणबुडी शोधणं किती अवघड असतं, ते थोडं सविस्तर सांगतो. दुपारच्या उन्हाने वरचं पाणी तापतं आणि खालचं गारच राहतं. गार पाण्यात आवाजाचा वेग कमी असतो, त्यामुळे जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारचा पिंग, म्हणजे त्याने सोडलेला आवाज, सरळ न जाता खाली वळतो. सकाळी दूरवरून स्पष्ट परत येणारा प्रतिध्वनी दुपारी अगदी जवळूनही नीट येत नाही. पाणबुडीचा कप्तान हे पुरतं जाणून असतो आणि तापलेल्या पाण्याच्या थराखाली दबून बसतो. त्यात आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या पंख्यांची घरघर, कोळंबीची अखंड तडतड, माशांचे थवे, तळाशी पडलेले बुडालेल्या जहाजांचे जुने सांगाडे. यातला प्रत्येक आवाज घटकाभर पाणबुडीच वाटतो.

यावर उपाय आहेत. केबलने जहाजामागे थराखाली सोडायचा सोनार हा एक. दुसरा हेलिकॉप्टरचा. ते समुद्रावर एका जागी थांबून आपला सोनार पाण्यात बुडवतं, ऐकतं, वर ओढून घेतं आणि भलतीकडेच जाऊन पुन्हा बुडवतं. पुढचा पिंग कुठून येणार हे पाणबुडीला कळत नाही, आणि तिचा टॉर्पेडो हेलिकॉप्टरचं काही करू शकत नाही.

असं असूनही आयएनएस कामोर्ता, जी खास पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधली, ती ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली तेव्हा तिच्यावर ना जहाजामागे केबलने ओढायचा सोनार होता, ना पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या १६ जहाजांचे करार एप्रिल २०१९ मध्ये झाले. पहिलं जहाज ४२ महिन्यांत मिळणार होतं. त्यांतली पहिली, आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचं नाव मिरवणारी आयएनएस अर्नाळा, प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये नौदलाच्या ताब्यात आली. ती आली याचा मला मनापासून आनंद आहे, कारण तिच्यावर पाण्यात खाली सोडायचा सोनार आहे. पण या वर्गाच्या जहाजांवर हेलिकॉप्टर उतरायला जागा नाही. म्हणजे खोल समुद्रात तेलाच्या टँकरांसोबत जायचं काम शेवटी मोठ्या फ्रिगेटी आणि कॉर्व्हेटींवरच (फ्रिगेटीहून लहान युद्धनौकांवर) येणार. नौदलाने घेतलेली एमएच-६० रोमिओ ही पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरं आहेत २४. त्यांतलीच विमानवाहू जहाजांनाही लागणार. मग बाकीच्या डेकवर काय उभं करायचं?

सोबत जहाज नसलं की काय होतं, हे मुंबईने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये इथून आफ्रिकेकडे निघालेल्या एसएस तिलावा या प्रवासी जहाजाला एकही एस्कॉर्ट, म्हणजे रक्षणासाठी सोबत जाणारी युद्धनौका, नव्हता. जपानी पाणबुडीने ते बुडवलं आणि २८० माणसं गेली. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८० टक्क्यांहून जास्त परदेशातून येतं, आणि तेही मुख्यतः समुद्रमार्गे.

पाकिस्तान चीनकडून ज्या ८ पाणबुड्या घेतो आहे, त्यांच्या वर्गाला त्यांनी हंगोर हेच नाव दिलं आहे. पहिलीचं जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये वुहानला झालं. दीर्घकाळ वर न येता पाण्याखाली राहण्याची यंत्रणा त्यांच्यात आहे. १९७१ च्या हंगोरला बॅटऱ्या भरायला ठरावीक वेळाने वर यावं लागायचं, आणि तीच आपली संधी असायची. ती संधी आता फार क्वचित मिळेल.

म्हणून विनंती आहे की, प्रत्येक पाणबुडीविरोधी जहाज कमिशन करण्यापूर्वी त्यावर काय बसलं आहे आणि काय राहिलं आहे याचा लेखी अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवण्याचे आदेश द्यावेत. गोपनीय बाबी बंद दाराआड सांगा, त्याला आमची हरकत नाही. जे राहिलं असेल ते बसेपर्यंत जहाज गोदीत थांबलं, समारंभ लांबला, तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नौसैनिक, अलिबाग